सरकलेला तक्ता

“किल्ली तुमच्याजवळ आहे ना? मग द्या,” डॉक्टर भारसाकळे म्हणाले.

ते हात पुढे करून उभे होते. मी फरशीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, आणि त्यातून निघालेली वायर भिंतीवरच्या आमच्या पेटीत गेलेली. पुण्याहून रात्रभर बसनं आले होते आणि स्टँडवरून रिक्षा करून थेट इथं. पाय सुजले होते. एप्रिलचा महिना, सकाळीच खिडकीतून झळा येत होत्या.

“किल्ली आहे,” मी म्हणाले. “पण देणार नाही.”

“मॅडम, बाहेर पेशंट बसलेत. त्यातला एक धड श्वास घेत नाहीये.”

“मला माहीत आहे. मी त्यांना ओलांडूनच आत आले.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव होतं. नाव सांगत नाही. त्या भागातलं विहिरींचं पाणी तोंडात घेववत नाही असं खारट, आणि घरटी नाही तरी आळीला एक तरी किडनीचा पेशंट. गावातल्या एका ट्रस्टनं छोटं डायलिसिस सेंटर काढलं होतं. रक्त धुणाऱ्या मशीनना पाणी लागतं, आणि ते फार शुद्ध लागतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपण रोज पितो, आपल्याला काही होत नाही. पण डायलिसिसमध्ये ते पाणी रक्ताला जाऊन भिडतं. क्लोरीन राहिला असला तर तांबड्या पेशी फुटतात. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जाऊ शकतो.

ते पाणी तपासणारी पेटी आमची होती. आमची म्हणजे माझी आणि हर्षदची. हर्षद तेव्हा माझा नवरा होता. पौड रस्त्यावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती, आणि कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. पाणी मोजायचा भाग मी लिहिला होता. पेटी सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जे जागं होतं, ते फर्मवेअर त्याचं. बटण दाबलं की चिपमधला तो इवलासा प्रोग्राम उठतो, डिस्क शोधतो, डिस्कच्या सुरुवातीचा तक्ता वाचतो. कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, हे त्या तक्त्यात असतं. तो वाचून झाला की तो माझ्या प्रोग्रामला हाक मारतो आणि स्वतः बाजूला होतो.

आदल्या दिवशी पेटीतली डिस्क अखेरच्या घटका मोजत होती. सेंटरवाल्यांनी गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. जुनी त्यातच मेली. नवी पेटीत घातली, तर पेटी म्हणे, डिस्क आहे पण डिस्कवर काहीच नाही. पेटी उठेना, म्हणून पंप चालेना, म्हणून पाणी नाही.

पंप थेट चालवायची सोय होती. पेटीच्या बाजूला एक कुलूप होतं. त्यात किल्ली फिरवली की पेटी वगळून पाणी सरळ मशीनकडे जायचं, तपासणीशिवाय. ती सोय टाकी धुण्यापुरती होती, म्हणून किल्ली आम्ही आमच्याकडे ठेवायचो.

“पाणी हातानं तपासायच्या पट्ट्या असतील ना?” मी विचारलं. “त्या बुडवून बघू.”

डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या तायडे सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी जमिनीकडे.

“पेटी लागली तेव्हापासून मागवल्याच नाहीत,” त्या म्हणाल्या. “आता सांगितल्या, पण अकोल्याच्या दुकानातही संपल्यात. येतील उद्या.”

“मग उद्यापर्यंत मी किल्ली देऊ शकत नाही.”

“कोळशाचा फिल्टर चांगला आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षांत एकदा तरी तुमच्या पेटीनं लाल दिवा दाखवलाय का? तेच पाणी, तोच फिल्टर. एक दिवस न मोजता चाललं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं पटत होतं. मी इतकी थकले होते की कुणाचंही काहीही पटलं असतं. मी फक्त किल्ली होती ती पर्स उचलून मांडीखाली घेतली.

डॉक्टर निघून गेले. दार आपटलं नाही त्यांनी. ते तसले नव्हते. गेली दहा वर्षं त्या गावात एकटे काम करत होते, आणि त्यांचेही डोळे माझ्याइतकेच लाल होते.

मी फर्मवेअरला विचारायला सुरुवात केली. लॅपटॉपवरून त्याच्याशी थेट बोलता यायचं. डिस्क दिसते का? दिसते. किती मोठी? आकडा बरोबर आला. त्यावर भाग किती? एकही नाही.

मग मी त्याला म्हटलं, तुला समजत नसेल तर राहू दे, जे दिसतंय ते जसंच्या तसं मला दाखव. डिस्क ही एका मापाच्या घरांची लांबच लांब रांग असते. पहिल्या घरात नुसती पाटी असते, की ही डिस्क रिकामी नाही, कुणी हात लावू नये. पाटी जागेवर होती. खरा तक्ता दुसऱ्या घरात सुरू होतो. दुसरं घर उघडलं. शून्यं. ओळीमागून ओळ नुसती शून्यं. तक्त्याची एक जादा प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या घरात ठेवलेली असते. तिथंही शून्यं.

मी हर्षदला फोन लावला.

“तक्ता पुसला गेलाय,” त्यानं ऐकून घेऊन सांगितलं. आवाज झोपेतला होता. “दुकानवाल्यानं घोळ घातला. तू डिस्क सरळ फॉरमॅट कर, मी इथून प्रोग्रामचा कोरा सेट पाठवतो.”

“आणि इथल्या सेन्सरची मापं? ती फक्त या डिस्कवर आहेत. जुनी डिस्क गेली. मापं नव्यानं बसवायला दोन दिवस लागतील, हर्षद.”

“मग तोवर किल्ली दे त्यांना.”

“काय?”

“किल्ली दे. त्यांच्याकडून लिहून घे की त्यांच्या जबाबदारीवर. सगळेच देतात, मुक्ता. तू उगाच सगळ्या जगाचा भार घेऊन बसतेस.”

हे वाक्य त्या वर्षात त्यानं मला कितीतरी वेळा ऐकवलं होतं. मी फोन ठेवला.

दार उघडं होतं, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. टाकीत आदल्या दिवशीचं, पेटी धड असताना तपासलेलं थोडं पाणी उरलं होतं. एका माणसाचं डायलिसिस होईल इतकंच, आणि ते पंपाशिवाय मशीनपर्यंत उतरायचं. पहिला नंबर कौतिकाबाई सरोदे यांचा होता. साठीच्या पुढच्या, काटकुळ्या बाई. हातावरची शीर मशीनच्या सुयांनी दोरखंडासारखी फुगलेली. पलीकडच्या बाकावर वामनराव घाटोळ होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या छातीत पाणी भरलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून ते श्वास ओढत होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर किटलीतल्या पाण्यासारखा आवाज येत होता.

“कौतिकाबाई, नंबर तुमचा आहे,” तायडे सिस्टर चाचरत म्हणाल्या. “पण…”

“पण कायले म्हणतं? त्याले ने ना आत.”

“तुमचा डायलिसिसचा मागचा वारही हुकलाय. अंगावर सूज आहे तुमच्या.”

“सूज मले दिसते ना बाई. माह्या पायावर हाय ते. मी बसतो इथंच. त्याच्यानं बसवत तरी हाय का?”

वामनरावांनी मान हलवली. नको म्हणत होते, की बोलता येत नाही म्हणत होते, कळलं नाही.

“चाल रे भाऊ, ऊठ,” बाई म्हणाल्या. “भांडू मंग.”

वामनरावांना आत नेलं. थोड्या वेळानं कौतिकाबाई पाय ओढत माझ्या खोलीत आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. इथं टाकीमुळे जरा गारवा होता.

“पुण्याची हायस काय तू?”

“हो.”

“जेवली?”

“नाही अजून.”

“हे काय पाह्यतं इतकं डोळे फोडून?”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शून्यांच्या रांगा होत्या.

“काहीच तं नाई याच्यात.”

“तेच ना.”

“मंग पुढं पाह्य. इथं नाई तं पुढं असन.”

त्यांनी ते सहज म्हटलं, हरवलेलं भांडं शोधणाऱ्या सुनेला म्हणावं तसं. त्यात काही ज्ञान नव्हतं, आणि मीही पुढं पाहिलं ते काही सुचलं म्हणून पाहिलं नाही. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिसरं घर उघडलं, शून्यं. चौथं, शून्यं. मी नुसतं बटण दाबत गेले. हाताला सवय लागली होती आणि डोळे मिटत होते.

आणि नवव्या घरात अक्षरं आली. तक्ता जिथून सुरू होतो तिथं नेहमी येणारी, माझ्या पाठ असलेली आठ अक्षरं.

मी ताठ बसले. तक्ता पुसला गेलेला नव्हता. तो सरकला होता.

दुकानाला फोन केला. दुकानदार आधी घाबरला, त्याला वाटलं मी भांडणार. मी विचारलं, नवी डिस्क तुम्ही कॉम्प्युटरला कशी जोडली होती?

“बाहेरच्या डबीत घालून, मॅडम. यूएसबीवर. आम्ही सगळ्या तशाच करतो.”

झालं होतं ते इतकंच होतं. काही डब्या डिस्कवरची घरं मोठी धरून मोजतात. आमची आठ घरं म्हणजे तिचं एक. डबीनं तक्ता तिच्या मापानं दुसऱ्या घरात ठेवला होता, अगदी नियमाप्रमाणे. डबीतून काढून डिस्क आमच्या पेटीत घातल्यावर फर्मवेअर आमच्या मापानं दुसऱ्या घरात डोकावलं आणि रिकाम्या हातानं परत आलं. दोघांचंही मोजणं बरोबर होतं.

मी पुन्हा हर्षदला फोन लावला. “तक्ता सापडला. आठपट पुढे आहे. त्यातली तपासणीची बेरीज पण जुळतेय, एक अक्षर बिघडलेलं नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“थांब, थांब. म्हणजे चार हजार शहाण्णव बाइटचं घर? डबीचं?”

“हो.”

“अरे! कमाल आहे. डिस्कवर काही लिहू नकोस हां. अजिबात हात लावू नकोस.”

“नाही लावत. तुझ्या कोडला शिकवायचंय फक्त. दुसऱ्या घरात नाही मिळालं, तर पुढं बघ, आणि तिथं मिळालं तर तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याला आठनं गुण. घराचं माप तू कुठं कुठं थेट लिहिलंयस?”

“थेट? मी असं… हो, लिहिलंय. तक्ता वाचतो तिथं. भागाची सुरुवात काढतो तिथं. आणि बेरीज तपासतो तिथं, ते विसरशील बघ. उघड फाईल, सांगतो.”

तो सांगत गेला, मी बदलत गेले. मध्येच तो म्हणाला, “ए, ही ओळ आपण सिंहगडावरून आल्यावर लिहिलेली ना? तू भज्यांचे तेलकट हात कीबोर्डला पुसले होतेस.” मला हसू आलं. कितीतरी महिन्यांत आम्ही असं बोललो नव्हतो. थकलेल्या डोक्यानं मी मनातल्या मनात बरंच काही पुढचं बांधून टाकलं. परत गेल्यावर दोघांनी कुठंतरी जावं. नीट बोलावं. बिघडलेलं असं काही नसेलच, नुसतं सरकलं असेल.

बदललेलं फर्मवेअर चिपमध्ये उतरवताना वीज गेली असती तर पेटी कायमची गेली असती. तायडे सिस्टरनी जनरेटर लावून घेतला आणि स्वतः त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर दारात आले. उतरवणं पूर्ण झालं. मी पेटी बंद करून चालू केली.

स्क्रीनवर ओळी यायला लागल्या. डिस्क दिसली. दुसऱ्या घरात तक्ता नाही. पुढे पाहतो. सापडला. भाग तीन. आणि मग माझा प्रोग्राम जागा झाला, सेन्सरची मापं वाचली, पंपाला सांगून नमुन्यापुरतं पाणी ओढलं.

“चालू झाली काय व?” कौतिकाबाईंनी विचारलं.

“झाली.”

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. “सिस्टर, पुढच्या दोघांना घ्या आत. कौतिकाबाई आधी.”

बाई भिंतीला धरून उठल्या. त्यांचं अर्धं उठणं झालं होतं तेव्हा पेटीवर लाल दिवा लागला.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मापं वाचताना आकडा आठपट होऊन बसला असणार. मी मापं तपासली. बरोबर होती. पाणी पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा लाल. क्लोरीन मर्यादेच्या कितीतरी वर होता. टाकीत उरलेल्या जुन्या पाण्याचा थोडा नमुना नळीत काढून दाखवला. त्याला पेटीनं हिरवा दिला. म्हणजे पेटी शुद्धीवर होती.

“नगरपालिकेला विचारा,” मी डॉक्टरांना म्हणाले. “पाण्यात काही टाकलंय का.”

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन केला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू आलं. परवा मोठी पाइपलाइन फुटली होती. गटाराचं पाणी शिरलं असेल म्हणून काल संध्याकाळपासून गावाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर दाबून टाकत होते. एवढ्या क्लोरीनपुढं कोळशाच्या फिल्टरनं हात टेकले होते.

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला. कोपऱ्यात एक बादली उपडी होती, तिच्यावर ते बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला नाही.

“सकाळी तुम्ही किल्ली दिली असती,” ते हळूच म्हणाले, “तर मी फिरवली असती.”

मलाही सकाळी त्यांचं पटलंच होतं.

“म्हंजे एवढं करून तुही पेटी नाईच म्हणते काय?” कौतिकाबाईंनी विचारलं.

“हो मावशी. नाहीच म्हणतेय.”

त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. नाही ऐकायची त्यांना सवय असावी.

मग डॉक्टर उठले. त्यानंतरचे ते वेगळेच होते. अकोल्याच्या तीन दवाखान्यांना फोन केले. जागा नाही म्हणणाऱ्यांना म्हणाले, जागा नसेल तर मी पेशंट घेऊन दारात येऊन बसतो. शेवटी दोन ठिकाणी मिळून सोय झाली. सेंटरची ॲम्ब्युलन्स होती, आणि सिस्टरच्या भावानं लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरलेली गाडी वळवून आणली. वामनरावांचं आत चालूच होतं. त्यांचा श्वास बसला होता आणि ते चक्क झोपले होते. त्यांच्यापाशी सिस्टर थांबल्या. पुढे ते दोन वर्षं जगले, असं डॉक्टरांनी मला नंतर फोनवर सांगितलं.

मी गाडीत बसायचं काही कारण नव्हतं. पण कौतिकाबाईंबरोबर कुणी नव्हतं, त्यांचा मुलगा वीटभट्टीवर कामाला गेलेला. मी त्यांच्या शेजारी बसले. वाटेत त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी माझ्या हातात ठेवली. मिठाशिवायची होती, त्यांना मीठ वर्ज्य. खिडकीतून तापलेली सपाट काळी रानं मागे जात होती. अर्ध्या वाटेवर त्यांना धाप लागायला लागली. त्यांनी माझा दंड धरला तो अकोला येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. त्यांना आत घ्यायला अजून थोडा वेळ होता. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी टेकलो होतो, तेव्हा हर्षदचा फोन आला.

“काय झालं? उठली का पेटी?”

“उठली. तक्ता वाचला तिनं.”

“मस्त! सांगितलं होतं ना.”

“पण पाणी खराब निघालं, हर्षद. क्लोरीन भयंकर होता. किल्ली फिरवली असती तर…”

“फिरवली नाही ना पण?”

“नाही.”

“आणि आकडा पेटीनं बरोबर दाखवला?”

“हो.”

“म्हणजे आपल्यावर काही येत नाही.”

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता विचारेल. पेशंटचं काय झालं, मी कुठं आहे, मागे हा कसला गलका ऐकू येतोय, काहीतरी.

“मुक्ता? आपल्यावर काही नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “आपल्यावर काही नाही.”

“सुटलो बाबा. चल, तू पण आराम कर.”

त्यानं फोन ठेवला. मी मोबाइल हातात धरून बसले. समोर भिंतीवर पंखा गरगरत होता आणि त्याचा वारा आमच्यापर्यंत पोचत नव्हता. सकाळपासूनचा शीण तेव्हा कुठं अंगात उतरला, आणि तो त्या एका दिवसाचा नव्हता हे माझ्या लक्षात आलं.

कौतिकाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“घरून होता काय फोन?” त्यांनी विचारलं.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “कामाचा होता.”